शिध्याआधीची यादी

आमच्या संस्थेच्या कपाटात पुठ्ठ्याच्या बांधणीच्या सहा वह्या आहेत. पुण्यातल्या काही वस्त्यांमधल्या घरकामगार बायकांची नावं त्यांत आहेत. नाव, गल्ली, किती घरची कामं धरली आहेत, रेशन कार्ड आहे का, असलं तर पिवळं की केशरी, नवरा काय करतो, फोन कोणाच्या हातात असतो. आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्या ताईंनी या वह्या भरायला अकरा वर्षं घेतली. कामावरून परतणाऱ्या बायकांना नळावर, पाळणाघराच्या दारात, भिशीच्या बैठकीत गाठून एकेक ओळ लिहिली गेली. कुणी गाव सोडून आली की नवी ओळ, कुणी खोली बदलली की खाडाखोड. संस्था बघायला येणारी देणगीदार मंडळी या वह्या चाळत आणि विचारत, यातून निष्पन्न काय झालं? त्या प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नव्हतं. मी संस्थेचा हिशेब बघतो, त्यामुळे तो प्रश्न बहुधा माझ्याच वाट्याला येई.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी देश बंद झाला. त्या आठवड्यात मला जेवढे फोन आले तेवढे आयुष्यात कधी आले नव्हते. निम्मे वस्त्यांमधून होते. सोसायट्यांनी फाटकं लावून घेतली होती. कामावर येऊ नका असा निरोप होता. मार्चचा पगार मिळेल की नाही, हे विचारायचं कोणाला, ते कळत नव्हतं. उरलेले फोन मदत करू इच्छिणाऱ्यांचे होते. माझ्याकडे पन्नास पोती तांदूळ आहे, कुठे पाठवू? माझ्याकडे टेम्पो आहे, पास मिळवून देता का? आमच्या कार्यालयातल्या लोकांनी वर्गणी काढली आहे, पण खरोखर गरजू कोण ते आम्हाला ठाऊक नाही. धान्य होतं, पैसे होते, देण्याची इच्छाही होती. कुणाच्या दाराशी न्यायचं, तेवढं ठाऊक नव्हतं. तेव्हा ताईंनी कपाट उघडलं आणि वह्या जमिनीवर मांडल्या.

महामारीतल्या मदतकार्याबद्दल गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहून झालं आहे. या संग्रहातली टिपणं लहान संस्थांच्या माणसांनी लिहिली आहेत. त्यांत वीटभट्टीवर शाळा चालवणारे आहेत, वस्तीत दवाखाना चालवणारे आहेत, कचरावेचकांच्या संघटनेत काम करणारे आहेत. सगळी वाचून झाल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट पक्की बसली. मदत पोचली ती यादी असलेल्यांच्या हातून. आणि यादी करण्याच्या कामाला त्याआधीची कित्येक वर्षं कुणी पैसे देत नव्हतं.

यादी सरकारकडेही होती. एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत रेशन कार्डावरच्या लाभार्थ्याला दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागलं, शिवाय कुटुंबामागे एक किलो डाळ. ही लहान गोष्ट नव्हे. त्या धान्याने असंख्य चुली पेटत्या ठेवल्या. बरेच केशरी कार्डवाले त्या योजनेबाहेर राहिले, तेव्हा राज्य सरकारने मे आणि जूनमध्ये त्यांना ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिला. शिवभोजन थाळी १० रुपयांची होती, ती ५ रुपयांना झाली. पण कार्ड गावाच्या नावाने असतं आणि भूक माणसाबरोबर फिरते. बीडहून कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर गेलेल्या ऊसतोड कामगाराचं कार्ड बीडच्या दुकानदाराकडे असतं. तो कारखान्यावर माणूस म्हणूनही मोजला जात नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. उचल मुकादमाकडून घेतलेली, त्यामुळे कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव नाही. गाळप हंगाम संपत आलेला असताना राज्यातले लाखाहून अधिक ऊसतोड कामगार फडात आणि कारखान्यांच्या आवारात अडकले होते. त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय १७ एप्रिलला झाला. तोवर त्यांच्या खोपींपर्यंत पीठ-मीठ कोणी नेलं? त्यांच्या मुलांसाठी हंगामी शाळा आणि वसतिगृहं चालवणाऱ्यांनी, आजूबाजूच्या गावकऱ्यांनी, काही कारखान्यांच्या भल्या कर्मचाऱ्यांनी. ज्यांना कोणत्या फडात किती खोपी आहेत हे पाठ होतं, त्यांनी. रायगड-ठाण्याच्या वीटभट्ट्यांवरच्या कातकरी कुटुंबांची गोष्ट वेगळी नाही. त्यांतल्या कितीकांकडे कार्डच नव्हतं.

८ मे २०२० ची पहाट मला इथे टाळता येत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे मजूर रुळांच्या कडेने भुसावळकडे निघाले होते. तिथून घरी जाणारी श्रमिक रेल्वे मिळेल असं त्यांना वाटत होतं. रात्रभर चालून करमाडजवळ ते रुळांवरच टेकले आणि झोप लागली. गाड्या बंद आहेत असा समज होता. मालगाडी आली आणि सोळा जण गेले. सोबत बांधून घेतलेल्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या; ते छायाचित्र महाराष्ट्र विसरलेला नाही. वाचलेल्यांनी सांगितलं की त्यांनी पाससाठी अर्ज केले होते आणि उत्तर आलं नव्हतं. म्हणजे यादीत शिरायचा प्रयत्न त्यांनी केला होता. जालन्यात ते वर्षानुवर्षं काम करत असतील, पण त्यांची नावं लिहिलेली एक वही गावात कुणाकडे असती, तर त्या रात्री त्यांना रुळांची वाट धरावी लागली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मोठ्या देणग्यांबद्दल बोलायला हवं, कारण त्या खरोखर मोठ्या होत्या. २८ मार्चला टाटा ट्रस्ट्सने ५०० कोटी आणि टाटा सन्सने आणखी १,००० कोटी रुपये जाहीर केले. १ एप्रिलला अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि विप्रो यांनी मिळून १,१२५ कोटी. त्याच सुमारास स्थापन झालेल्या पीएम केअर्स निधीत ३१ मार्चपर्यंतच्या पाच दिवसांत ३,०७६ कोटी रुपये जमा झाले. या देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. व्हेंटिलेटर, चाचण्यांची यंत्रं, डॉक्टरांचे संरक्षक पोशाख हे मोठ्या पैशाशिवाय झालं नसतं. मात्र हा पैसा कोणत्या वाटेने वाहिला, तेही पाहिलं पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पीएम केअर्सला दिलेली रक्कम त्यात धरली जाईल असं केंद्राने लगेच स्पष्ट केलं. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली धरली जाणार नाही, असं १० एप्रिलच्या परिपत्रकात सांगितलं. मार्च म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर. ज्या कंपन्यांच्या तोंडाकडे लहान संस्था नव्या वर्षाच्या आशेने बघत होत्या, त्यांतल्या अनेकांनी पुढच्या वर्षाचा वाटाही महामारीकडे वळवला. पाळणाघर, रात्रशाळा, कुपोषणाचं काम, हिंसा सोसणाऱ्या बायकांचं समुपदेशन अशी चालू कामं एकाएकी कमी निकडीची ठरली. आमच्याच एका जुन्या देणगीदाराचं पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं: यंदा फक्त कोविड. त्या दिवशीही आमच्या ताई सकाळी आठपासून वस्तीत होत्या. त्यांचा पगार त्या पत्रातल्या ‘फक्त’ या शब्दाखाली सापडला.

शिध्याच्या किटचा हिशेब मी केला आहे, म्हणून सांगतो. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, तिखट, मीठ, साखर, चहा, साबण. देणगीदार किटमागे ठरावीक रक्कम देई आणि ती वस्तूंवरच खर्च व्हावी असा आग्रह धरी. टेम्पोचं भाडं वेगळं विचारावं लागे. पोती फोडून पिशव्या भरणाऱ्या मुलांना जेवण कुठून द्यायचं? मास्क, सॅनिटायझर, ताईंच्या फोनचं रिचार्ज कोणत्या रकान्यात टाकायचं? आणि ज्या ताईमुळे पिशवी योग्य दाराशी गेली तिचं मानधन? त्याला आस्थापना खर्च म्हणतात, आणि आस्थापना खर्च म्हणजे जणू गळती, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. दानातला प्रत्येक रुपया गरिबाच्या ताटात पडावा ही इच्छा मी समजू शकतो. पण ताटापर्यंत जाणारा हातही माणसाचा असतो. त्यालाही घर आहे, आणि त्या वर्षी त्याच्याही घरात रुग्ण होते. आमच्या दोन ताई मे महिन्यात आजारी पडल्या. त्यांचा विमा नव्हता, कारण विम्यासाठी कोणत्याच प्रकल्पात तरतूद नव्हती.

एका कंपनीला प्रत्येक किटमागे छायाचित्र हवं होतं: बाई, पिशवी आणि मागे कंपनीचा फलक. आमच्या वस्तीतल्या बायका रोज दुसऱ्यांची घरं झाडतात, पण त्यांनी कधी हात पसरलेला नाही. पहिल्या दिवशी त्या पदराने तोंड झाकून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी एकीने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही दिली असती तर घेतली असती. हा फोटो कुठे कुठे जाईल, मला काय माहीत? माझी पोरगी कॉलेजात जाते.” त्या रात्री विश्वस्तांची बैठक फोनवरच झाली आणि ती मदत आम्ही परत केली. किराणा दुकानदाराने आठ दिवस उधारीवर माल दिला, म्हणून ते जमलं. त्या दुकानदाराचं नाव कोणत्याही देणगीदारांच्या यादीत सापडणार नाही.

उलट वागणारेही देणगीदार भेटले, आणि त्यांच्यामुळेच आम्ही टिकलो. एका ट्रस्टने एप्रिलमध्येच कळवलं, आधीच्या प्रकल्पाचे उरलेले पैसे तुम्हाला योग्य वाटेल तिथे वापरा, अहवाल नंतर बघू. तीनच ओळींचं पत्र होतं ते. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये शेकडो फाउंडेशनांनी याच अर्थाची जाहीर प्रतिज्ञा केली: दिलेल्या पैशावरच्या अटी सैल करू, अहवालांचं ओझं कमी करू. जूनमध्ये फोर्ड फाउंडेशनने एक अब्ज डॉलरचे रोखे विकले, म्हणजे कर्ज काढून पैसा उभा केला आणि तो संस्थांना द्यायचं ठरवलं. मूळ ठेवीला हात न लावता व्याजावर दान करायचं, ही विश्वस्त संस्थांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आगीच्या वेळी विहिरीची पातळी मोजत बसायचं नसतं, एवढं फोर्डला कळलं. आपल्याकडच्या श्रीमंत ट्रस्टांनीही या वाटेचा विचार करायला हरकत नव्हती.

लहान दात्यांचं सांगायचं तर करंजीचा लंगर मला आधी आठवतो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे महामार्गालगत बाबा कर्नैलसिंग खैरा यांचा लंगर टाळेबंदीआधी तीन दशकांहून जास्त काळ चालू होता. वाटसरू यायचे, जेवायचे, निघून जायचे. मे महिन्यात त्याच रस्त्याने दक्षिणेकडून उत्तरेला माणसांचे लोंढे चालू लागले. बाकी सगळी हॉटेलं आणि ढाबे बंद होते. या लंगरात पातेली आधीपासून होती, चूल आधीपासून होती, वाढणारे हात सवयीचे होते. फक्त पंगती वाढल्या, आणि लाखो माणसं जेवून पुढे गेली. तीस वर्षं रोज पेटलेल्या चुलीला संकटाच्या दिवशी नव्याने पेटवावं लागलं नाही.

आधीपासून वस्तीत असणाऱ्यांनीच मदत पोचवावी, ही आजची गोष्ट नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या धसक्याने इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये लागू केला तो हाच. घरं तपासायचे, माणसं वेगळी काढायचे अधिकार त्यात आहेत. वेगळ्या काढलेल्या माणसाच्या घरची चूल कशी पेटेल, याचा विचार त्यात नाही. कायदा झाल्याला सव्वा महिना होतो न होतो तोच, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरच्या बाजूला सुरू केलेल्या दवाखान्यात त्या रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर उचलून आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. त्यांचं धैर्य आपण नेहमी सांगतो. मला त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. त्या वस्तीत आजारी मूल आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत आली. अर्धशतकभर ज्यांच्या दारी जाणं-येणं होतं, त्यांनी ती लपवली नाही. पुढे शिपायांना पाहून जी दारं बंद झाली, ती त्यांच्यासाठी उघडी राहिली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईच्या चाळींमध्ये नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक फिरले. ती संस्था १९११ पासून गिरणी कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं चालवत होती. चाळीत कोणत्या खोलीत कोण राहतं हे तिला साथीच्या आधीपासून माहीत होतं.

आणि २०२० मधल्या बुधवार पेठ, कामाठीपुरा या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या वस्त्या. टाळेबंदीत तिथल्या बायकांची कमाई पहिल्याच दिवशी शून्य झाली. बहुतेकींकडे रेशन कार्ड नव्हतं, पत्त्याचा पुरावा नव्हता, काहींना खरं नावही सांगता येत नव्हतं. कोलकात्याच्या दुर्बार महिला समन्वय समितीच्या याचिकेवर २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना कोरडा शिधा द्यावा. ओळख कशी पटवायची? तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांच्या माहितीवरून. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० दरमहा ५,००० रुपये द्यायचं ठरवलं, शाळेत जाणारं मूल असेल तर आणखी २,५००. एड्स नियंत्रणाच्या या माहितीच्या मुळाशी जाऊन पाहा. माडीमाडीवर जाऊन कंडोम वाटणाऱ्या, तपासणीला चला म्हणून हात धरणाऱ्या, बहुतांशी त्याच वस्तीतल्या बायकांनी ती गोळा केली होती. एका साथीसाठी घेतलेले कष्ट दुसऱ्या साथीत भाकरीच्या कामी आले.

न्यायालयाचा हा आदेश आला त्याच आठवड्यात परदेशी देणग्यांच्या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि प्रत्येक संस्थेला दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं उघडणं सक्तीचं झालं. परदेशी पैशावर सरकारची नजर असावी, याला माझा विरोध नाही. पण ज्या मोठ्या संस्थेकडे निधी आहे तिच्याकडे यादी नसते, आणि जिच्याकडे यादी आहे ती लहान संस्था परदेशी दात्यापर्यंत स्वतः पोचू शकत नाही. या दोघींमधला पूल २०२० च्या सप्टेंबरात तुटला. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट भरात आली, तेव्हा परदेशातले मराठी लोक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवायला निघाले होते आणि इकडे कितीतरी संस्थांची दिल्लीतली खाती पुरी झाली नव्हती. मुदत वाढवून ३० जून केली गेली ती मेच्या मध्यावर. लाटेची सर्वांत वाईट वेळ तोवर येऊन गेली होती.

दुसऱ्या लाटेने तिशी-चाळिशीतले पुरुष नेले. मागे राहिलेल्या बायकांची मोजदाद करायला आधी कुणी बसलं नव्हतं. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने तालुक्या-तालुक्यांत गावोगावची नावं गोळा केली, निवेदनं दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने या बायकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी मिशन वात्सल्य सुरू केलं. आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची ठेव जाहीर केली होती. वडील गेले आणि आई आहे, अशा घरांचं काय, हा प्रश्न सतत पुढे ढकलला जाई. तो मागे पडू दिला नाही तो नावांच्या गठ्ठ्यांनी. अमुक तालुक्यात अमुक इतक्या विधवा, त्यांची मुलं इतकी, सावकाराचं कर्ज इतक्यांवर, असं कागदावर आल्यावर अधिकाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं.

पुढची टिपणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. काही लेखक हात राखून लिहितात, काहींना राग आवरता आलेला नाही. मी कोणाचंच वाक्य सौम्य केलेलं नाही. एकच विनंती आहे. शेवटी काही संस्थांचे २०१९ ते २०२२ या वर्षांचे जमाखर्च दिले आहेत, ती पानं वगळू नका. आमच्या संस्थेचंही पान त्यात आहे. २०२०-२१ च्या जमेच्या बाजूला आजवरची सर्वांत मोठी रक्कम दिसेल. खर्चाच्या बाजूला ‘धान्य व किराणा’ ही ओळ त्याहून थोडीच लहान आहे. तिच्याखाली ‘कार्यकर्ती मानधन’ आहे, आणि त्या ओळीतला आकडा आदल्या वर्षापेक्षा कमी आहे. ताईंनी तीन महिने अर्धं मानधन घेतलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी सातवी वही मागितली, कारण टाळेबंदीत गावी गेलेल्या बायका परतू लागल्या होत्या, नव्या गल्ल्यांत खोल्या घेत होत्या, आणि जुन्या ओळींत खाडाखोडीला जागा उरली नव्हती. ती वही ८५ रुपयांना आली. तिचा खर्च ‘किरकोळ’मध्ये आहे.